वाळूवरचा वाटा

दांडीच्या किनाऱ्यावर एका सकाळी मला वीस मिनिटांच्या कामाचा पगार मिळाला: चार बांगडे आणि ओंजळभर पेडवे.

समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला, पाठीमागे माड, आणि मधल्या वाळूत रापण ओढायचं काम चाललं होतं. सुट्टीवर आलेल्या माणसाला जेवढी हौस असते तेवढी मलाही होती. दोराला हात लावला, टाचा रोवल्या, आणि पाचव्या मिनिटाला तळहात सोलवटायला लागले. जाळं वर आलं, मासळी निवडून झाली. मी चपला शोधायला निघालो तेवढ्यात एका वयस्कर गृहस्थांनी हटकलं.

"खंय चललात? दोराक हात लायलात मां? मगे वाटो घेवक व्हयो."

"नको काका, मी आपली गंमत म्हणून ओढली."

"गंमत तुमची. वाटो रापणीचो."

माझ्याकडे पिशवी नव्हती, तर त्यांनी माझ्याच टोपीत मासे घातले. टोपीचा वास चार धुण्यांत गेला. डोक्यातून ते वाक्य मात्र गेलं नाही, कारण त्याच मुक्कामात मी किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या धंदेवाल्यांकडून एकच रडगाणं ऐकलं होतं: माणसं टिकत नाहीत. घरगुती निवास चालवणाऱ्या बाईंचा आचारी ऐन नाताळात गोव्याला गेला होता. एका बोटवाल्याचे दोन खलाशी आगाऊ रक्कम घेऊन दिसेनासे झाले होते. आंब्याच्या बागेत राखणीला माणूस मिळत नव्हता. आणि ज्या किनाऱ्यावर हे रडगाणं चाललं होतं, त्याच किनाऱ्यावर नेमणूकपत्र नाही, हजेरीचं यंत्र नाही, साहेब नाही, अशी पन्नास-पाऊणशे माणसांची रापण पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. मला आधी हे समजून घ्यायचं होतं.

रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होडी किनाऱ्यावरून निघते तेव्हा जाळ्याच्या एका टोकाचा दोर वाळूतल्या माणसांच्या हाती असतो. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाते, मागे जाळं सोडत जाते, आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. शेकडो मीटर लांबीची भिंत पाण्यात उभी राहते. वरच्या काठाला तरंगणारे गोळे, खालच्या काठाला वजनं, मधोमध पिशवीसारखा खोलगट भाग. मग दोन्ही बाजूंच्या टोळ्या ओढायला लागतात आणि ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात. दोर धरलेला माणूस उलट्या पावलांनी वर वाळूत जातो, शेवटाला पोचला की दोर सोडून पुन्हा पाण्याच्या काठाशी येतो आणि पहिला होतो. हे तासन्‌तास चालतं. मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा, वेंगुर्ले, शिरोडा या सगळ्या पट्ट्यात ही पद्धत आहे. गोव्यात तिला रांपण म्हणतात, कारवारकडे रांपणी.

आता यातली अचंब्याची गोष्ट. दोर ओढणं हेच ते काम, ज्याच्यावर माणसाच्या कामचुकारपणाचा जगातला पहिला शास्त्रीय प्रयोग झाला.

माक्सिमिलियां रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच कृषी अभियंता होते. बैल, घोडे, यंत्रं आणि माणसं यांच्याकडून शेतीचं काम किती निघतं हा त्यांचा विषय. १८८०च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना दोर ओढायला लावून ताण मोजला आणि १९१३ साली ते आकडे छापले. एकटा माणूस ओढतो तो जोर शंभर धरला, तर दोघांत प्रत्येकाचा भरतो सुमारे ९३. चौघांत ७७. आठ जणांत ४९. म्हणजे आठ माणसं दोराला लावली की चारच माणसांचं काम हाती येतं. बाकीची चार माणसं गेली कुठे?

थोडी गेली ताल चुकण्यात: सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. पण सगळा दोष तालाचा नाही. १९७४ साली अमेरिकेत ॲलन इंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी खट्याळ युक्ती केली. ज्याचा जोर मोजायचा त्याचे डोळे बांधून त्याला दोराच्या सर्वांत पुढे उभं केलं. मागे आणखी माणसं ओढताहेत असं त्याला भासवलं. ती माणसं प्रत्यक्षात नुसती उभी होती. तरी गड्याचा जोर घटला! ताल चुकायला दुसरं कुणी ओढतच नव्हतं. 'आहेत की बाकीचे' एवढ्या विश्वासावर हात आपोआप सैल पडला.

आठ माणसांत निम्मा जोर उरतो, तर पन्नास माणसांच्या रापणीचं जाळं किनाऱ्याला यायलाच नको. तरी ते रोज येतं.

पुढच्या संशोधनात याचं उत्तर तुकड्या-तुकड्यांनी सापडत गेलं. एकेकाचं काम वेगळं ओळखता येईल असं केलं की ढिलाई जवळजवळ नाहीशी होते. टोळी आपली वाटत असेल, कामाच्या फळाशी स्वतःचा संबंध असेल, तर ती आणखी कमी होते. रापणीत या सगळ्या गोष्टी आधीपासून आहेत. दोर हातात असला की पुढच्याचा आणि मागच्याचा ताण तळव्याला कळतो, तिथे अहवाल लिहावा लागत नाही. तालासाठी हाळी असते. दोराचा शेवट गाठलेला पुन्हा पहिला होतो, त्यामुळे लपायला कायमची जागा कुणालाच मिळत नाही. उद्या दोराला हीच माणसं असणार, आणि परवाही.

आणि मुख्य म्हणजे वाटा.

रापणीत पगार नसतो. प्रत्येक संघाचा हिशेब आपापला, पण घडण सारखी: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हातांचा वाटा. जाळं एका धन्याचं असतं असंही नाही, पुष्कळदा ते सभासदांनी आणलेल्या तुकड्यांचं जोडून केलेलं असतं. मोठी रापण लागली तर वाळूतच लिलाव होतो आणि पैशांचे वाटे पडतात, शिवाय खायला मासळी मिळते ती वेगळी. थोडकीच लागली तर मासळीचेच ढीग घालतात. पाचदा जाळं टाकून चारदा गवत आणि जेलीफिश आले, तर ते नुकसानही सगळ्यांच्या वाट्याला येतं.

मी त्या ढिगांकडे बराच वेळ बघत होतो. एक जण वाळूत वाकून बांगडे टाकत होता, आणि कोंडाळं करून उभी असलेली माणसं गप्पा मारत होती. गप्पा चालल्या होत्या, पण नजरा खाली होत्या. एका ढिगात लहान मासे जास्त पडले, तेव्हा कुणी काही बोललं नाही. टाकणाऱ्यानेच मान वर न करता एक बांगडा इकडून उचलून तिकडे ठेवला. तीस-चाळीस डोळ्यांसमोर, उन्हात, उघड्या वाळूवर वाटणी होत होती. एवढं पारदर्शक पगारपत्रक मी तरी कुठल्या कचेरीत पाहिलेलं नाही.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता: वाटा द्या, माणसं टिकतील. पण समुद्र इतका सोपा नाही. वाटा देऊनही माणसं पळतात, आणि पळालेल्यांतला एक तर जगप्रसिद्ध आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजांवर कुणालाच महिन्याचा पगार नसे. कप्तानापासून पोऱ्यापर्यंत प्रत्येकाला मिळालेल्या तेलातला अपूर्णांक ठरलेला असे. हर्मन मेलव्हिल हा तरुण जानेवारी १८४१ मध्ये 'अकुश्नेट' जहाजावरून निघाला, तेव्हा त्याचा वाटा ठरला होता १७५ भागांतला एक. दीड वर्षाने, जुलै १८४२ मध्ये, पॅसिफिकमधल्या नुकू हिवा बेटावर तो जहाज सोडून पळाला. पुढे 'मोबी डिक' लिहिताना त्याने आपल्या निवेदकाला ३०० भागांतला एक वाटा दिला. विनोद म्हणून दिला असावा. हिशेब म्हणून दिला असेल तर त्यात जुनी जळजळ आहे.

वाटा असूनही माणूस का पळाला? पहिलं कारण वागणूक: कप्तानांचा जाच, निकृष्ट अन्न, वर्षानुवर्षं घर नाही. दुसरं कारण मला अधिक बोलकं वाटतं. त्या जहाजांवरचा वाटा 'खर्च वजा जाता' असायचा. जहाजाच्या कोठारातून घेतलेले कपडे, तंबाखू, उचललेले पैसे, सगळं शेवटी कापलं जायचं, आणि ते किती हे मालकाच्या वहीत असायचं. कित्येक नवखे दोन-तीन वर्षांनी बंदराला लागले ते जवळपास रिकाम्या खिशाने.

'खर्च वजा जाता' हे तीन शब्द आपल्या यांत्रिक बोटींवरही ऐकू येतात. डिझेल, बर्फ, रसद, जाळ्याची दुरुस्ती काढून जे उरलं त्यात तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचा, आणि खलाशांचा वाटा. पद्धत वाईट नाही. पण डिझेलची पावती खलाशाला कुणी दाखवतं का? जिथे दाखवतात तिथले खलाशी पुढच्या हंगामात परत आलेले दिसतात, असं मला दोन तांडेलांनी सांगितलं. दोघांची साक्ष म्हणजे काही संशोधन नव्हे, पण दोघांचाही जन्म बोटीवर गेला आहे. रापणीच्या वाळूत आणि बोटीच्या वहीत फरक एवढाच की वाळू उघडी असते.

वही मिटलेली असली की माणसाला धरून ठेवायला दुसरं साधन लागतं. ते साधन म्हणजे उचल. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ती उठायच्या आधी खलाशांची शोधाशोध सुरू होते. गावातली मुलं बोटीवर यायला राजी नसतात, म्हणून कर्नाटकातून, नेपाळमधून माणसं येतात. ज्या देशाला समुद्रच नाही तिथली माणसं आज कोकणात मासे धरताहेत, याचंच आधी नवल वाटायला हवं. त्यांना हंगामाआधी आगाऊ पैसे दिले जातात. आता काय होतं बघा. रक्कम मोठी असेल तर पळून जाण्याचा मोह वाढतो, म्हणून मालक नजर ठेवतो. नजर ठेवली की माणसाला कोंडल्यासारखं वाटतं, म्हणून तो संधी शोधतो. सापडली की जातो. मग मालक पुढच्या वर्षी आणखी संशयाने वागतो. ऊसतोडीच्या फडातही मुकादम आणि 'कोयता', म्हणजे तोडणी करणारं जोडपं, यांच्यात हेच चक्र फिरतं. गरजू माणसाला उचल लागते, ती देणंही काही पाप नाही. पण फिटायच्या कर्जापायी थांबलेला माणूस, ते फिटलं त्या दिवशी मोकळा होतो, आणि मोकळा झाला की निघतो.

आता थोडं समोरच्या किल्ल्याकडे वळू. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ची. किल्ला बघायला जाणारे तटाची लांबी विचारतात, तोफा विचारतात. मला अलीकडे वेगळाच प्रश्न पडतो: इथल्या लोकांचा पगार कसा व्हायचा?

याचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं. शिवाजी महाराजांचा कल सैन्याला जहागिरी तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याकडे होता. आणि वेतन-रसद अडकली तर काय व्हायचं, याचा पुरावा म्हणजे जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला गेलेलं पत्र. जंजिऱ्याजवळ पद्मदुर्गाचं काम चाललं होतं. आरमाराचे दौलतखान आणि दर्यासारंग यांना द्यायची रक्कम आणि धान्य या सुभेदाराने पोचवलं नाही. पत्रातला सूर बर्फासारखा आहे. तू रसद अडवून शत्रूचंच काम केलंस, हबश्याने (जंजिऱ्याच्या सिद्दीने) काही देऊन तुला आपलासा केला असेल, असा थेट आरोप त्यात आहे, आणि अशा चाकराला वठणीवर आणण्याची धमकीही. बघा, आरोप लाच घेतल्याचा आहे, पण गुन्हा घडलाय तो समुद्रावरच्या माणसांचं देणं वेळेवर न देण्याचा. पगार लांबणं ही कारकुनी चूक मानायला राजा तयारच नाही.

त्याहून चकित करतं ते आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्यांचा हा राजनीतीवरचा ग्रंथ १७१५च्या सुमाराचा, कोल्हापूरच्या गादीच्या काळातला. त्यात आरमाराचं प्रकरण आहे, आणि त्यात पगाराबद्दल एक सूचना आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून ठरवून द्यावा, समुद्रावरच्या मिळकतीवर तो लावू नये. का? मिळकतीवर लावला तर आरमाराची माणसं सावकारांना उपद्रव देतील, गलबतं येईनाशी होतील आणि बंदरं बसतील.

म्हणजे रापणीत जे चांगलं, तेच आरमारात घातक! मासळीतला वाटा दिला की माणूस मासळीमागे जातो, आणि आपल्याला तेच हवं असतं. समुद्रावरच्या लुटीतला वाटा दिला की आरमार लुटीमागे जाईल, आणि आपल्याला हवं होतं बंदराचं रक्षण. ज्याचा वाटा, त्याच्यामागे माणूस. १९९१ साली बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हेच गणितात मांडलं: एका माणसाकडे अनेक कामं असतील आणि त्यातलं मोजता येणारं तेवढंच तुम्ही बक्षिसाला बांधलंत, तर न मोजता येणारी कामं तो सोडून देतो. पुढे दोघांनाही, वेगवेगळ्या वर्षी, नोबेल मिळालं. पंतांनी ही गोष्ट पावणेतीनशे वर्षं आधी, एकाही समीकरणाशिवाय लिहून ठेवली होती. आजही आठवड्याचं लक्ष्य लावून विकायला बसवलेला बँकेतला मुलगा आपल्याला नको तो विमा गळ्यात घालतो, तेव्हा मला बंदर बसल्याचा भास होतो.

रोख वेतनाची दुसरी गोष्ट हेन्री फोर्डची. ती पुष्कळदा सांगितली जाते, आणि पुष्कळदा अर्धीच. १९१३ साली त्याच्या डेट्रॉइटच्या कारखान्यात सुमारे १४ हजार माणसं कामावर राखण्यासाठी वर्षभरात ५२ हजारांच्या आसपास माणसं भरावी लागली. माणसं यायची, सरकत्या पट्ट्यावर तेच ते करून वैतागायची आणि जायची. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाची मजुरी सव्वादोन-अडीच डॉलरांवरून ५ डॉलरांपर्यंत नेली आणि नऊ तासांचा दिवस आठ तासांचा केला. सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण ३७० टक्क्यांवरून दोन वर्षांत १६ टक्क्यांवर आलं. आता उरलेली अर्धी गोष्ट: ते पाच डॉलर मिळायला कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी येऊन बघायचे, दारू पितो का, पैसे साठवतो का, घर नीट ठेवतो का. एका हाताने दाम दुप्पट आणि दुसऱ्या हाताने चुलीपर्यंत पाळत. इथल्या मच्छीमारांच्या गाबीतवाड्यात असा तपासनीस आला असता तर त्याचं काय झालं असतं, याची मी कल्पना करून पाहिली आहे.

फोर्डला एक गोष्ट तरी सोपी होती: पट्ट्यावरचं काम नव्या माणसाला थोड्याच काळात शिकवता यायचं. कोकणात तसं नाही. इथल्या चांगल्या माणसाजवळ जे असतं ते कागदावर नसतं. दशावतार घ्या. रात्रभर चालणाऱ्या नाटकाला छापील संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, आणि नट रंगमंचावर उभे राहून संवाद रचतात. अमुक राजा आणि तमुक राक्षस यांच्यातली जुगलबंदी कुठे ताणायची, कुठे सोडायची, हे वर्षानुवर्षं सोबत काम केलेल्या माणसांना डोळ्यांच्या खुणेनं कळतं. असा नट कंपनी सोडतो तेव्हा पेटारा जागेवरच राहतो आणि नाटक निघून जातं. तांडेलाचंही तेच: पाण्याचा रंग, पक्ष्यांची झुंड, वाऱ्याची दिशा यावरून तो जे ठरवतो ते त्याला स्वतःलाही पुरतं सांगता येत नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने अशा ज्ञानावर पुस्तकं लिहिली. पगाराच्या तक्त्यात त्याला रकाना नाही, म्हणून ते फुकट आहे असं मालकाला वाटतं. त्याची किंमत कळते ती माणूस गेल्यावर.

बरं, नोकरीबद्दल या जिल्ह्याला कुणी शिकवावं असंही नाही. नोकरी करणाऱ्याला 'चाकरमानी' हा खास शब्द याच भूमीने दिला. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी तो रत्नागिरीत होता, आणि मुंबईच्या गिरण्यांना सर्वाधिक हात पुरवणाऱ्या मुलखांत हा जुना रत्नागिरी जिल्हा होता. गिरणीमालकांची त्यांच्याबद्दलची कायमची तक्रार कोणती? माणसं पेरणीला आणि सणाला गावी पळतात, गैरहजेरी फार. त्यासाठी बदली कामगारांची आख्खी व्यवस्था उभी राहिली. मुकादमाच्या हाती भरती, मुकादमाच्या हाती हकालपट्टी. पण गणपतीला कोकणी माणूस थांबवता आला नाही तो नाहीच. रजा नामंजूर झाली तर राजीनामा ठेवून गाडीत बसलेले लोक प्रत्येक वाडीत सापडतील. पगाराने विकत घेता येत नाही असं काहीतरी प्रत्येकाजवळ असतं. ते कोणतं हे ज्या मालकाला आधीच ठाऊक असतं, त्याच्याकडे चतुर्थीनंतर माणसं परत येतात. घरगुती निवास चालवणाऱ्या त्या बाईंचा आचारी नाताळात गेला, त्याचं कारणही मला नंतर कळलं. ते पगार नव्हतं. गणपतीत त्याला तीन दिवसांऐवजी एकच दिवस मिळाला होता. चार महिने तो गप्प होता.

तर मग वही उघडली की झालं का? इथेही एक मेख आहे. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना एवढंच कळवलं की तुमचे सगळ्यांचे पगार एका संकेतस्थळावर बघता येतात. मग त्यांना प्रश्न विचारले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या विभागात ज्यांचा पगार कमी होता ते आणखी नाराज झाले आणि दुसरी नोकरी शोधण्याची भाषा करू लागले. ज्यांचा जास्त होता ते काही अधिक खूश झाले नाहीत. निव्वळ तोटा!

मला यात नवल वाटलं नाही. माझ्या पहिल्या नोकरीत पगारवाढीची पाकिटं चिकटवून मिळायची आणि आतला आकडा कुणाला सांगायचा नाही असा दंडक होता. संध्याकाळच्या चहापर्यंत सगळ्यांचे आकडे सगळ्यांना माहीत असायचे. माझी चिडचिड त्या आकड्याने झाली नव्हती. शेजारच्या टेबलावर दीडपट का, हे विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "ते वरून ठरतं." सहा महिन्यांनी मी ती जागा सोडली. कॅलिफोर्नियातही आकडे उघडे पडले, नियम नाही.

रापणीत उलटं आहे. तिथेही सगळ्यांना सारखं मिळत नाही. ज्याचं जाळं त्याला जास्त, होडीवाल्याला आणखी. पण का जास्त, हे लहान पोरालाही सांगता येतं, आणि उद्या त्याने जाळ्याचा तुकडा आणून जोडला तर त्याचाही वाटा वाढतो. नियम आधी, ढीग नंतर. माझ्या मते माणूस टिकतो तो इथे. जास्त देणारा शेजारी नेहमीच असतो, गोवा तर तासा-दीड तासावर आहे. पण आपला वाटा कसा पडला हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्या शेजाऱ्याकडे जायला सहसा उठत नाही.

रापणीचं मी देव्हाऱ्यातलं चित्र करत नाही. तिथेही भांडणं होतात, संघ फुटतात, आणि मासळीच नसेल तर शून्याचे कितीही सारखे वाटे घातले तरी शून्यच. यांत्रिक बोटींच्या घेर टाकणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी माशांचे थवे किनाऱ्याला लागायच्या आधीच उचलले जातात, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार. त्यावर नेमलेल्या सोमवंशी समितीचा अहवाल आला, २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठरवला, तरी झगडा संपलेला नाही. तरुण पोरं स्नॉर्केलिंगच्या बोटींवर जातात, तिथे रोजचा रोख पैसा दिसतो. दोराला हात कमी पडतात, म्हणून तर माझ्यासारख्याचेही चालले.

पावसाळा सरल्यावर मालवणला गेलात तर सकाळी लवकर दांडीच्या किनाऱ्यावर जा. रापण चालू असेल तर आधी विचारा, चपला वर लांब काढून ठेवा, आणि दोराला हात लावा. सोबत पिशवी असू द्या, आणि वाटा दिला तर नको म्हणू नका.